शेवटच्या ओळीचे भक्त

"तयार मिळतंय ना, मग घरी कशाला करत बसायचं?" हे वाक्य पूर्वी आमच्याकडे फक्त कुरडया आणि पापडांच्या बाबतीत ऐकू यायचं. आता ते सॉफ्टवेअरच्या बाबतीत ऐकू येतं, आणि म्हणणारी माणसं साधीसुधी नसतात, कॉम्प्युटर शिकवून त्याचे पैसे घेणारी असतात. गेले काही महिने हे इतक्या वेळा कानावर आलंय की शेवटी म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

नातेवाईक मंडळींसाठी सूचना: मधले काही परिच्छेद तांत्रिक आहेत, ते ओलांडून पुढे गेलात तरी चालेल. ताई, तू मात्र सगळं वाच. तुझ्या चिरंजीवांचं प्रकरण यात आहे आणि मी त्याची रीतसर परवानगी घेतली आहे. :)

आधी थोडी ओळख. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रॅमला जोडून वापरता येणारा कोड म्हणजे लायब्ररी. ओपनसीव्ही ही अशीच एक अगडबंब लायब्ररी, फोटो आणि व्हिडिओतून काहीबाही ओळखण्यासाठी. १९९९ साली इंटेल कंपनीत तिची सुरुवात झाली. ती फुकट आहे आणि तिचा सोर्स, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ कोड, सगळ्यांना खुला आहे. हा सोर्स यंत्राला कळेल अशा रूपात आणणं म्हणजे कंपाइल करणं. बहुतेक लोक ते करत नाहीत, दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेलं तयार पॅकेज उतरवून घेतात.

आमच्या कर्जतच्या लोकांना हे भाताच्या भाषेत लगेच कळतं. इथल्या भात संशोधन केंद्रातून 'कर्जत-३' सारखी सरळ वाणं निघाली आणि 'सह्याद्री' सारखी संकरित वाणंही निघाली. सरळ वाणाचं बी शेतकरी आपल्याच पिकातून पुढच्या वर्षासाठी बाजूला काढू शकतो. संकरित बी दरवर्षी नवं आणावं लागतं. संकरित वाईट असं मी म्हणत नाहीये, उतारा चांगला असतो. पण ज्या घरात बी राखायचं कसं हे कुणालाच आठवत नाही, त्या घराला दुकान उघडण्याची वाट बघण्यापलीकडे काही करता येत नाही. तयार पॅकेजवर जगणाऱ्यांचंही तसंच होतं.

आता कुणी म्हणेल, दुकान तर चोवीस तास उघडं आहे, अडतंय कुठे? सांगतो.

भाचा चौकला राहतो, म्हणजे आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा प्रोजेक्ट: भाताच्या पानाच्या फोटोवरून करपा ओळखायचा. विषय त्याने स्वतः निवडला, घरची शेती आहे म्हणून. त्याच्याकडे एका ऑफिसने काढून टाकलेला सेकंडहँड डेस्कटॉप आहे, इंटेलचा पेंटियम गोल्ड प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम. त्याने सांगितल्याप्रमाणे टेन्सरफ्लोचं तयार पॅकेज उतरवलं, चालवलं, आणि एक ओळ येऊन सगळं बंद पडलं: "इल्लीगल इन्स्ट्रक्शन (कोअर डम्प्ड)". बिचारा घाबरला. इल्लीगल म्हणजे आपण काही बेकायदा केलं की काय! (हसू नका. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने त्या शब्दाचा दुसरा काय अर्थ लावायचा?)

कारण साधं आहे. गुगलने टेन्सरफ्लोची तयार पॅकेजेस आवृत्ती १.६ पासून, म्हणजे २०१८ पासून, अशी बांधायला घेतली की त्यांना प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाच्या सूचनांचा संच लागतो. महाग प्रोसेसरमध्ये तो २०११ पासून आहे. पण इंटेलने पेंटियम आणि सेलेरॉन या स्वस्त ओळींना तो पुढे कितीतरी वर्षं दिलाच नाही. म्हणजे ज्याच्याकडे स्वस्तातलं मशीन आहे, नेमकं त्याच्याच मशीनवर तयार माल चालत नाही. सोर्स तोच आहे. त्यातून या पेंटियमला पचेल असं काहीतरी बांधता येतं. तयार जे मिळतं ते कुणाच्या तरी मशीनच्या मापाने शिवलेलं असतं, आणि ते कुणीतरी चौकला राहत नाही, एवढाच मुद्दा.

टेन्सरफ्लो स्वतः बांधणं ४ जीबीवर म्हणजे बैलगाडीला ट्रकचं सामान लादणं. पण तयार झालेलं मॉडेल नुसतं चालवायचं असेल तर ओपनसीव्हीमध्ये डीएनएन नावाचा भाग आहे, तो पुरतो, आणि ओपनसीव्ही प्रोसेसर बघून त्याला झेपतील त्याच सूचना वापरते. त्याच्या उबुंटू २०.०४ बरोबर येणारी ओपनसीव्ही ४.२ आवृत्तीची. तिला त्याचं मॉडेल वाचता येईना. तेव्हा नवी आवृत्ती सोर्सवरून बांधणं आलं. इथपर्यंत त्याचं त्यानेच शोधलं होतं हे मुद्दाम नोंदवतो. मग त्याने कुठलीतरी कृती बघून बांधायला घेतली आणि साठ-पासष्ट टक्क्यांवर बिल्ड फुटलं. पुन्हा केलं, पुन्हा फुटलं.

आमच्याच भागात एक प्रोजेक्ट क्लास आहे. नाव सांगत नाही, कारण असे क्लास तालुक्यागणिक आहेत आणि सगळे एकाच साच्यातले. तिथल्या सरांनी स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचली: "मेक: * [ऑल] एरर २". आणि निदान केलं: फॉरमॅट मार, उबुंटू पुन्हा टाक. त्याने टाकलं. पुन्हा तीच ओळ. मग सर म्हणाले, "अरे, ओपनसोर्स असंच असतं. फुकट ते पौष्टिक नसतं. हे तुझ्याच्याने व्हायचं नाही, आपल्याकडे तयार प्रोजेक्ट आहे, रिपोर्टसकट." किंमतही सांगितली. ताई पैसे द्यायला निघाली होती.

मंडळी, "एरर २" या ओळीत काहीही माहिती नसते! मेक हा फक्त मुकादम आहे. कामं वाटून द्यायची आणि कुणी पडलं की "काम थांबलं" म्हणून ओरडायचं, एवढंच त्याला येतं. कोण पडलं, का पडलं, हे त्याच्या कितीतरी वर लिहिलेलं असतं. त्यातून एकाच वेळी चार कामं लावली असतील तर एक पडल्यावरही बाकीचे तिघे आपलं हातातलं काम संपवत बडबडत राहतात, आणि खरी एरर आणखी वर ढकलली जाते. मुकादमाची आरोळी ऐकून सगळी इमारत पाडायला सांगणाऱ्याला काय म्हणावं? शिकवणाऱ्याला एवढं ठाऊक नसेल तर ते अज्ञान म्हणून सोडून देता येईल. पण अज्ञानावर उभं राहून समोरच्या पोराला "तुझ्याच्याने व्हायचं नाही" म्हणायचं, आणि त्याच दमात तयार माल पुढे करायचा, याला मी धंदा म्हणतो.

मी त्याला एकच काम सांगितलं. सगळा आउटपुट एका फाइलमध्ये घे, आणि वरून खाली येताना 'एरर' हा शब्द पहिल्यांदा जिथे येतो तिथे थांब. तो थांबला. तिथे लिहिलं होतं की 'बूस्टडेस्क_बीजीएम' नावाची फाइल सापडत नाही.

आता ही फाइल नसण्याची गोष्ट मजेशीर आहे. (ज्यांना सोसत नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.) ओपनसीव्हीचे दोन भाग: एक मुख्य आणि दुसरा 'कॉन्ट्रिब' म्हणजे जादाचे मॉड्यूल. बांधायच्या आधी सीमेक नावाचं अवजार चालवायचं, ते तुमच्या मशीनवर काय आहे, काय नाही याची पाहणी करतं. कॉन्ट्रिबमधल्या एका मॉड्यूलला काही फाइली लागतात, त्या सोर्सबरोबर येत नाहीत. सीमेक चालू असताना त्या इंटरनेटवरून उतरवल्या जातात. त्याच्याकडच्या कनेक्शनवरून गिटहबचा तो फाइली देणारा पत्ता उघडतच नव्हता. पण सीमेक काय करतं? "डाउनलोड जमलं नाही" असा एक इशारा शेकडो ओळींच्या मध्ये टाकतं आणि शेवटी समाधानाने "कॉन्फिगरिंग डन" म्हणून मोकळं होतं. मग तुम्ही दीड-दोन तास कंपाइल करता आणि ते तिथे जाऊन आदळतं. रोगाचं नाव आधीच कळलेलं, पण डॉक्टरांनी ते केसपेपरवर बारीक अक्षरात लिहून वर "तब्येत उत्तम" असा शिक्का मारलेला.

हे बघून भाच्याने मला विचारलं, "मामा, हे मॉड्यूल कसलं आहे? मला ते लागतं का?"

हा प्रश्न पडला तिथे अर्धं काम झालं होतं. कारण त्याला ते मॉड्यूल लागतच नव्हतं. वेगवेगळ्या फोटोंमधल्या ठळक खुणा जुळवण्याच्या पद्धती त्यात आहेत. त्याच्या करप्याशी त्यांचा संबंध नाही. ज्या कृतीवरून तो चालला होता, तिच्यात कॉन्ट्रिब होतं म्हणून यानेही घेतलं होतं. त्याने कॉन्ट्रिब काढून टाकलं. मग वाचता वाचता त्याला सापडलं की सीमेकला 'बिल्ड लिस्ट' देऊन मुख्य भागातलेही फक्त हवे तेवढेच मॉड्यूल बांधता येतात. यादी इतकी आखूड झाली की मलाच नवल वाटलं. फॉरमॅट मारून हे कळलं असतं का? तयार प्रोजेक्ट विकत घेऊन कळलं असतं?

पुढची एरर आणखी वेगळी. "किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस". सीसी१प्लस म्हणजे सी-प्लस-प्लस कंपाइल करणारा खरा कामकरी. त्याला कुणी मारलं? लिनक्सच्या कर्नलने. रॅम संपली की कर्नल जास्त मेमरी खाणाऱ्याला गचकन उचलतो. 'डीमेसेज'मध्ये तशी नोंद असते, "आउट ऑफ मेमरी". म्हणजे कोडमध्ये काही चूक नाही, सोर्स बिघडलेला नाही, उबुंटू बिघडलेलं नाही. चार कामकरी एकदम लावले होते आणि घरात जेवण दोघांचंच होतं. एकच लावायचा, थोडी स्वॅप वाढवायची, ब्राउझर बंद करायचा आणि झोपायला जायचं. आणि हो, जगभरच्या कृतींमध्ये जे "सगळे कोअर वापरा" असं ठोकून दिलेलं असतं ते लिहिणाऱ्याच्या मशीनला धरून असतं, हे कुणीतरी पोरांना सांगायला हवं.

रात्री वीज गेली. (मुंबईला वीज पुरवायला टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीजकेंद्र सुरू केलं, आणि त्याच खालापूर तालुक्यात पहिल्या जोरदार सरीबरोबर दिवे जातात. यावर वेगळी पोस्ट होईल.) सकाळी त्याचा फोन: सगळं गेलं का? नाही जात. मेक ही १९७६ सालची, बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी केलेली चीज आहे आणि तिचा मूळ गुणच हा की झालेलं काम ती पुन्हा करत नाही. तारखा-वेळा बघते आणि उरलेलंच करते. त्याने पुन्हा चालू केलं, आणि अगदी शेवटी जोडणीच्या वेळी नवीच एरर: "फाइल ट्रंकेटेड".

या वेळी त्याने मला विचारलं नाही. तासाभराने नुसतं कळवलं. वीज गेली त्या क्षणी जी ऑब्जेक्ट फाइल लिहिली जात होती ती अर्धवट राहिली होती, तिची वेळ मात्र नवी, त्यामुळे मेकला वाटलं हे झालेलं काम आहे. त्याने तेवढी एक फाइल पुसली आणि मेक पुन्हा चालवलं. बांधून झालं.

"तुझ्याच्याने व्हायचं नाही" असं ज्याला सांगितलं होतं, तोच हा मुलगा.

कर्जतला लहानपण गेलेल्यांना बँकर माहीत आहेत. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला इथे मागून जादा इंजिनं लावतात, बोरघाटातला ३७ला १ असा चढ चढवायला. पण पुढचं इंजिनही सुरूच असतं, गाडी कुणी खांद्यावर उचलून लोणावळ्याला ठेवत नाही. शिकवणाऱ्याने एवढंच करायचं असतं. आमच्याकडे एक तर कुणी मागून ढकलत नाही, नाही तर "बसा, लोणावळ्याचा फोटो देतो" म्हणतात.

आणि कुणी म्हणू नये की शिकवण्यासारखं यात नाही. पवईला आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं होतं. जीसीसी हा स्वतःच एक प्रचंड कंपायलर. त्याच्या कार्यशाळा तिथे व्हायच्या, २०१२ पर्यंतच्या काही मला माहीत आहेत, आणि त्यात जीसीसी सोर्सवरून कॉन्फिगर करून बांधणं हा अभ्यासाचाच भाग होता. कुणाला तो कमीपणाचा वाटला नाही. ज्यांनी जीसीसी बांधलं आहे त्यांना ठाऊक असेल, की त्याआधी जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन गणिती लायब्रऱ्या लागतात, नसतील तर तो पहिल्याच पायरीवर तसं स्पष्ट सांगून थांबतो. आणि मग एक जगप्रसिद्ध एरर आहे: "कॅनॉट कंप्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स". शब्दशः घेतलं तर ऑब्जेक्ट फाइलींच्या नावाचं शेपूट ठरवता येत नाही असा अर्थ. शेपटाचा इथे काडीचा संबंध नसतो! नुकताच तयार झालेला कंपायलर चालवून बघताना तो सुरूच होत नाही, कारण बहुधा या तीनपैकी एखादी लायब्ररी चालवतेवेळी सापडत नाही. आणि ते कुठे लिहिलेलं असतं? 'लिबजीसीसी'च्या फोल्डरमधल्या कॉन्फिग.लॉगमध्ये, अगदी सरळ शब्दांत. स्क्रीनवरची ओळ हुलकावणी देते, लॉग खरं बोलतो. हे एकदा हाताने केलं की माणूस जन्मात विसरत नाही. त्याच आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, त्यातले कितीतरी मराठीतही आहेत. मग तालुक्याच्या पातळीवर येईपर्यंत हे सगळं कुठे गळून जातं?

लायब्ररी लिहिणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. वर सांगितलेलं ते गुपचूप डाउनलोड. बंगलोरच्या ऑफिसात किंवा कॅलिफोर्नियात बसलेल्याला इंटरनेट म्हणजे नळाचं पाणी. आपल्याकडे काय असतं? डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार खात्याने ३२ संकेतस्थळं बंद करायला लावली, त्या यादीत गिटहब होतं, सोर्सफोर्ज होतं, इंटरनेट अर्काइव्हसुद्धा होतं! पुढे ती उघडली. पण जे मिळालंच नाही ते इशारा म्हणून कुजबुजायचं आणि पुढे जायचं, ही पद्धत ज्याने ठरवली त्याने कधी पावसाळ्यात चौकच्या नेटवर्कवर काही उतरवलेलं नाही. मिळालं नाही ना? मग तिथेच थांबा आणि मोठ्याने सांगा. खुला सोर्स म्हणता, तर तो सगळा एका जागी द्या. आणि रॅम किती लागेल ते लिहा. एलएलव्हीएमवाले लिहितात. जोडणीच्या कामांची संख्या वेगळी कमी कशी करायची तेही त्यांच्या कागदपत्रांत आहे. म्हणजे करता येतं.

पण हे करणाऱ्यांना शिव्या घालून आपलं सुटत नाही. कारण जिथे संदेश उत्तम आहे तिथेही आपण वाचत नाही. मार्च २०२५ मध्ये सीमेक ४.० आलं आणि त्याने ३.५ च्या आधीच्या आवृत्तींशी जुळवून घेणं सोडून दिलं. जुने प्रोजेक्ट पटापट अडले. त्या एररच्या मजकुरातच पुढे लिहिलेलं आहे की तरीही चालवून बघायचं असेल तर अमुक पर्याय द्या. उत्तर एररमध्येच! तरी तिचा फोटो काढून "हेल्प प्लीज" म्हणून पाठवणारे माझ्याच ओळखीचे तिघे निघाले. तिघेही नोकरीला आहेत, पगार सांगत नाही.

तसंच जीसीसी १४ चं. २०२४ साली त्याने सी भाषेतल्या एका जुन्या ढिलाईला थारा देणं बंद केलं. फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं तर पूर्वी नुसता इशारा यायचा, आता एरर येते. भाषेच्या प्रमाणग्रंथातून ती सवलत १९९९ सालीच गेली होती, कंपायलर पंचवीस वर्षं सांभाळून घेत होता. लगेच ओरड: जीसीसीने सगळं मोडलं. आणि उपाय म्हणून फिरू लागला एक पर्याय जो त्या एररला पुन्हा इशारा करून टाकतो. बरं, त्या ढिलाईत होतं काय? जाहीर न केलेलं फंक्शन पूर्णांक परत करतं असं कंपायलर गृहीत धरायचा. ते खरं तर ६४ बिटांचा पत्ता परत करत असेल तर त्याचा अर्धा भाग कापला जायचा, आणि प्रोग्रॅम कधीतरी, कुठेतरी, भलत्याच ठिकाणी मरायचा. एरर तुम्हाला ते आज, घरात, फाइल आणि ओळ नंबरासकट सांगते. तिचं तोंड दाबणाऱ्या पर्यायाला आपण "सोल्यूशन" म्हणतो!

आता यात चॅटबॉटची भर पडली आहे. मी त्यांच्या विरोधात नाही, रोज वापरतो. पण शेवटची ओळ दिलीत तर तोही शेवटच्या ओळीवरच बोलणार. भाच्याने आधी "एरर २" एवढंच चिकटवून विचारलं होतं. सात उपाय मिळाले, त्यातले चार एकमेकांविरुद्ध, एक तर सिस्टिमच्या फाइली उडवणारा. नंतर गंमत म्हणून मी त्याला पहिली एरर आणि तिच्या मागच्यापुढच्या वीस ओळी द्यायला लावल्या, तर त्याच यंत्राने पहिल्या वाक्यात नेमकं कारण सांगितलं. वाचायचं काम ज्याने आधीच केलं आहे त्याला हे अवजार सोन्यासारखं आहे. ज्याने केलं नाही, त्याला ते प्रोजेक्ट क्लासच्या सरांसारखंच, फक्त जास्त नम्र.

पुण्याचा आमचा चुलतभाऊ मोठ्या कंपनीत आहे. त्याचं म्हणणं, "सगळ्यांनी सगळं कशाला बांधायचं? मी दहा वर्षांत एकदाही बांधलेलं नाही." बरोबर आहे, नकोच बांधू. तुझ्या मशीनच्या मापाने सगळं शिवून येतं. मी स्वतः रोजच्या कामाला तयार पॅकेजच घेतो. सगळी सिस्टिम सोर्सवरून बांधून त्याच्या फुशारक्या मारणारे जेंटूवाले बघितलेत मी, तीही एक हौसच, चालू द्या. दुसरा युक्तिवाद येतो क्लाउडचा: गुगलचं कोलॅब आहे, ब्राउझरमध्ये उघडायचं की झालं. त्याचं मॉडेल शिकवून घ्यायला त्याने तेच वापरलं, उत्तम आहे. पण करपा शेतात पडतो. बांधावर उभं राहून कॅमेरा पानावर धरायचा आणि तिथल्या तिथे उत्तर हवं, तर मोबाइलला रेंजची एक काडी दिसते न दिसते अशा जागी कोलॅब काय कामाचं?

तिसरा युक्तिवाद खुद्द त्याच्या कॉलेजातल्या गाईडचा. "एवढे दिवस बांधण्यात गेले, रिपोर्टमध्ये दाखवणार काय?" मी म्हटलं, तेच दाखव. एक पूर्ण प्रकरण कर. पहिली एरर, ती कुठे सापडली, कारण काय, काय काढून टाकलं आणि का काढलं. डीमेसेजची नोंद जोड. ते अर्धवट फाइलचं जोड. गाईडांना पटलेलं नाही. त्यांच्या नमुन्यात अशा प्रकरणाला जागा नाही म्हणे. 'लिटरेचर सर्व्हे'ला जागा आहे, ज्यात दहा पेपरांचे सारांश चिकटवलेले असतात आणि ते कुणी वाचलेले नसतात, विद्यार्थ्याने नाही आणि परीक्षकानेही नाही. मुलाने स्वतः शोधून काढलेल्या तीन गोष्टींना नाही. वाद अजून चालू आहे. भाच्याने ते प्रकरण सध्या परिशिष्टात घातलं आहे, काढा म्हणाले तर लेखी द्या म्हणणार आहे. (हे त्याला मी शिकवलेलं नाही. ताई, खरंच नाही.)

कर्जत-खालापूर भागात कुणाची मुलं अशीच अडली असतील तर माझ्याकडे पाठवा. ओपनसीव्हीचा सोर्स, कॉन्ट्रिबच्या त्या न उतरणाऱ्या फाइलींसकट, आणि जीसीसी त्याच्या तीन लायब्रऱ्यांसह पेनड्राइव्हवर काढून ठेवलं आहे. रविवारी सकाळी घरीच असतो. येताना सगळा लॉग आणायला सांगा, पहिल्या ओळीपासून.